मीटर आधी तुझ्या नावावर कर

छतावर सोलर बसवायचं मनात आहे ना? मग बाई, आधी लाइटबिलावर नाव कोणाचं आहे ते बघ. खेड्यात बऱ्याच घरी ते अजून वारलेल्या सासऱ्यांचंच असतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत कनेक्शन ज्याच्या नावानं, अर्जही त्याच्याच नावानं आणि अनुदानही त्याच्याच बँक खात्यात. म्हणून महावितरणकडं नावबदल पहिला. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढून ठेव, भासरे-दिरांची संमतीही घेऊन ठेव. आणि मीटर तुझ्या नावावर होऊ दे वं. घर तू चालवतेस, बिलाची काळजी तू करतेस, मग सरकारचे पैसेही तुझ्या खात्यात यावेत. संकोच करू नको, घरी स्पष्ट बोल.

ही योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार. 3 बसव की 5, 78 हजारांच्या वर मिळत नाही. 2025 मध्ये राज्याची ‘स्मार्ट’ योजनाही आली. तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या घराला 1 किलोवॅटसाठी केंद्राच्या 30 हजारांवर राज्य साडेसतरा हजार घालतं. पन्नास हजारांच्या संचाला पदरचे अडीच हजारच पडतात. महिन्याला 100 युनिटांच्या आत वीज जाळणाऱ्या इतर घरांनाही राज्याची भर आहे, थोडी कमी.

कोणी म्हणेल, मोठाच संच बसवा. ऐकू नको. 1 किलोवॅटवर निरभ्र दिवशी चारेक युनिट वीज होते. वर्षभराची बिलं समोर ठेव आणि तेवढाच घे.

आता गरम पाणी. थंड मुलखात सरकारं घरं उबदार ठेवायला सोलरला पैसे देतात. आपल्या मेडशी गावात पौषातली पहाट कितीही झोंबली तरी घर तापवावं लागत नाही, आंघोळीचं पाणी तेवढं लागतं. त्यासाठी बायका तुराट्या-पऱ्हाट्या जाळतात, धूर डोळ्यांत घेतात. मला हे फार सलतं. छतावरचा नळ्यांचा वॉटर हीटर चांगला, पण सूर्यघरचं अनुदान त्याला नाही, ते वीज करणाऱ्या पॅनेललाच आहे. तरी मार्ग निघतो. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड तासभर चालला तर दीड युनिट जातं. दिवसा तुझी जादा वीज महावितरणच्या लाइनीत जाते, पहाटे तू लाइनीतून घेतेस आणि नेट मीटर दोन्हींची वजावट करतो. पाण्यात रॉड असताना हात मात्र घालू नको, लेकरांना जवळ येऊ देऊ नको.

बॅटरी नसेल तर लाइन गेल्यावर हा संचही बंद पडतो. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसू नये म्हणून तशी सोय असते. भारनियमनात दिवा लागेल या आशेनं घेऊ नको.

एजन्सी योजनेच्या पोर्टलवर नोंदलेलीच निवड आणि पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच असल्याचं बिलावर लिहून घे, नाहीतर अनुदान अडतं. ते येतंही संच चालू होऊन तपासणी झाल्यावर. तोवरच्या पैशांसाठी सावकाराकडं जाऊ नको. बँका या योजनेत तारणाशिवाय कर्ज देतात. सगळी रक्कम आगाऊ देऊ नको. पाच वर्षांची देखभाल एजन्सीकडं असते, तो करार सहीसकट मागून घे आणि नमुना 8 च्या फायलीत लावून ठेव.