ही उष्णता नव्हे

"डॉक्टर, त्याला उष्णता झालीय." हे वाक्य मी बारा महिने ऐकतो. तोंड आलं, उष्णता. घोळणा फुटला, उष्णता. अंगावर लाल ठिपके उठले, तीही उष्णताच. मग सब्जा, गुलकंद, नाकात दूर्वांचा रस.

घाबरू नका. मोठ्या मुलांचा घोळणा बहुतेक वेळा नाकात बोटं घातल्यानेच फुटतो. पण तान्ह्या बाळाच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर त्यावर काचेचा ग्लास दाबून बघा. घामोळ्याची लाली दाबल्यावर फिकी पडते. ठिपके तसेच राहिले, तर ते त्वचेत झिरपलेलं रक्त आहे. त्याला सब्जा काय करणार?

मागे नऊ महिन्यांचा एक मुलगा आला. गालांवर इसब, सतत वाहणारा कान, शीमध्ये रक्ताचे धागे. आजी कानात कोमट तेल घालत होत्या, इसबावर कुणा वैदूचं काळं मलम चालू होतं. प्लेटलेट २५ हजार निघाल्या. निदान दीड लाख हव्यात. घरच्यांनी मोबाइलवर वाचून पपईच्या पानांचा रस सुरू केला. अहो, डेंग्यूच्या मोठ्या माणसालाही मी त्या रसाच्या भरवशावर सोडत नाही, हे तर अंगावर पिणारं पोर!

रिपोर्टवर प्लेटलेटच्या संख्येजवळच 'एमपीव्ही' असतं, म्हणजे त्यांचं सरासरी आकारमान. त्याकडे कुणी बघत नाही. या बाळाचं फारच कमी होतं. मी आईला विचारलं, "माहेरी कुणी मुलगा लहानपणीच गेला का?" "माझा भाऊ. दोन वर्षांचा होता. उष्णतेनंच गेला म्हणतात."

याला विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम म्हणतात. १९३७ साली जर्मनीत विस्कॉट यांनी तीन भावांमध्ये तो नोंदवला. बहिणी ठणठणीत होत्या. तो मायलेकांच्या वाटेने उतरतो, हे १९५४ मध्ये ऑल्ड्रिच यांनी दाखवलं आणि जनुक सापडलं १९९४ मध्ये. पेशीच्या आत ॲक्टिनच्या धाग्यांचा सांगाडा सतत उभा राहतो, मोडतो. रक्तातल्या पेशींत हा मांडव कुठे, केव्हा घालायचा ते सांगणारा मुकादम म्हणजे वास्प हे प्रथिन. तेच बिघडलं की प्लेटलेट थोड्या आणि बारक्या होतात, संरक्षक पेशींना धड हालचाल जमत नाही. म्हणून रक्तस्राव, इसब आणि वरचेवर जंतुसंसर्ग. आईने गरोदरपणी काही खाल्ल्याने हे होत नाही. सासरच्यांनी तिला बोल लावू नयेत.

आजार अगदी विरळा आहे. मुलांच्या प्लेटलेट अचानक घटतात त्या बहुधा दुसऱ्या कारणाने, आणि अनेकदा आपोआप सावरतात. पण मुलगा आहे, ठिपके लहानपणापासून आहेत, शिवाय इसब आणि फुटणारा कान, असं जुळलं तर तज्ज्ञांकडे जा. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा आजारांचं निदान होतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, आणि ते लहान वयात झालेलं चांगलं. दोन वर्षं रस पाजण्यात घालवू नका.

तोवर अशा मुलाला ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. तापाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, जोड-औषधांत ते दडलेलं असतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेवर सुई टोचून घेऊ नका. डोक्यावर पडला आणि उलटी झाली, गुंगी आली, किंवा काळी शी झाली, तर रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा. पोलिओचे थेंब, गोवर-रुबेला अशा जिवंत लसी विचारल्याशिवाय नकोत. (बाकीच्यांनी हे वाचून आपल्या धडधाकट मुलांच्या लसी चुकवल्या, तर गाठ माझ्याशी आहे.)

आणि पुढच्या बाळंतपणाच्या वेळी घरातला हा आजार डॉक्टरांना आधीच सांगा. बीसीजीची लस जन्मल्या जन्मल्या टोचतात; मुलगा झाला, तर त्याची तपासणी होईपर्यंत ती थांबवायला हवी.