दोष दाखवावा, माणूस राखावा



वर्गाच्या भिंतीवर विद्यार्थ्यांचे निबंध लावण्याची चाल आमच्याकडे आहे. या वर्षीं तेथें एक नवाच प्रकार सुरू झाला. निबंध आवडला नाहीं कीं त्याच्या कडेला पेन्सिलीनें फुली करावयाची. फुली कोणी केली हें कळत नसे, व कां केली हें तर मुळींच कळत नसे. एका मुलाच्या निबंधावर एकाच दिवशीं पांचसात फुल्या पडल्या. त्यानें तो निमूटपणें काढून घेतला व त्यानंतर एक ओळही लिहून दिली नाहीं. आम्हींही या प्रकाराला पोरखेळ समजून प्रथम दुर्लक्ष केलें, ही आमची चूक होय. तिच्यावरून सुचलेले चार विचार येथें मांडीत आहों.

नापसंती दाखवूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. वाईट लेखास चांगला म्हणणें हाही एक प्रकारचा असत्यपणाच आहे. परंतु फुली आणि टीका यांत मोठा भेद आहे. शुद्धलेखन चुकलें, विचार पटला नाहीं, कीं लिहिणारा मुलगाच आवडत नाहीं, यांपैकीं काय तें फुली सांगत नाहीं. शिवाय तीन फुल्या दिसल्या म्हणजे चवथा वाचक न वाचतांच आपली फुली ओढतो. टीकाकारास मात्र लेख वाचावा लागतो, कारण द्यावें लागतें, व खालीं आपलें नांव घालावें लागतें. म्हणून टीका लेखास सुधारते. फुली लेखकास घालवून देते.

आतां, जो सोडून गेला त्याच्याशीं कसें वागावें? प्रेषितांच्या कृत्यांत याचें एक उत्तम उदाहरण आहे. पौल व बर्णबा यांच्या पहिल्या फेरींत मार्क नांवाचा तरुण त्यांच्याबरोबर होता. पंफुल्यांतील पिर्गा येथून तो त्यांस सोडून यरुशलेमेस परत गेला. दुसऱ्या फेरीच्या वेळीं बर्णबा त्यास पुन्हां घेऊं इच्छीत होता. पौलास तें मान्य नव्हतें. पौलाचें म्हणणें अगदींच गैर होतें असें नाहीं. काम संकटाचें होतें, व अर्ध्यावर परतणारा सोबती त्यांत कसा चालावा? वाद इतका विकोपास गेला कीं ते दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कास घेऊन कुप्रास गेला. पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकिया या प्रांतांतून गेला.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. याच बर्णबानें पूर्वीं, यरुशलेमेंतील शिष्य पौलाला भीत असतां, त्यास हातीं धरून प्रेषितांपुढें नेलें होतें. जी संधि त्यानें पौलास दिली, तीच त्यानें मार्कास दिली. आणि पुढें तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत पौल स्वतःच मार्कास घेऊन येण्यास सांगतो, कारण तो सेवेसाठीं उपयोगी आहे. मार्काच्या नांवावर एकदां पडलेली फुली पौलानें जन्मभर तशीच ठेविली नाहीं. दुसरें शुभवर्तमान याच मार्कानें लिहिलें, अशी मंडळीची परंपरा आहे.

आपल्या महाराष्ट्रांतील एक उदाहरणही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. 1881 सालीं 'केसरी' पत्र निघालें, तेव्हां आगरकर त्याचे संपादक होते. 1882 सालीं त्यांनीं व टिळकांनीं डोंगरीच्या तुरुंगांत 101 दिवस एकत्र काढले. पुढें समाजसुधारणेच्या प्रश्नावर मतभेद वाढले. आगरकरांनीं 1887 मध्यें 'केसरी' सोडला व 1888 मध्यें 'सुधारक' काढला. दोन्ही पत्रांनीं एकमेकांवर कडक टीका केली. तिची धार कधीं कधीं फार बोचरी होती. पण वाचकांपुढें दोन्ही पक्षांचीं कारणें येत, व त्यांवरून त्यांस स्वतः विचार करतां येई. उलट ज्यांनीं पुण्यांत आगरकरांची त्यांच्या हयातींतच प्रेतयात्रा काढली, त्यांनीं केवळ एक मोठी फुली केली. आगरकरांचे निबंध आजही वाचले जातात. त्या मिरवणुकींतील माणसांचा एकही विचार आज कोणास आठवत नाहीं.

आमच्या वर्गानें आतां तीन नियम केले आहेत. फुली करूं नये. निबंधाखालीं दोनच ओळी लिहाव्या, एक गुणाची व एक दोषाची, आणि खालीं आपलें नांव घालावें. व कोणी लिहिणें सोडल्यास वर्गांतील एकानें त्याच्याजवळ बसून कारण विचारावें. परत येण्याचा आग्रह मात्र करूं नये, कारण न लिहिण्याचाही प्रत्येकास अधिकार आहे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलाच्या वहींतील तांबडी खूण दिसतांच रागावूं नये. ती कशाबद्दल आहे, हें प्रथम त्याच्या तोंडून ऐकावें.

त्या मुलानें अद्याप नवा निबंध दिलेला नाहीं. परंतु परवां तो एका वर्गबंधूच्या निबंधाखालीं दोन ओळी लिहीत असलेला आम्हीं पाहिला. खालीं त्यानें आपलें नांव स्पष्ट अक्षरांत घातलें होतें. भिंतीवरची त्याची जागा आम्हीं मोकळी ठेविली आहे.