परांचीवरची फळी

बांधकामावर गवंडी परांचीच्या ज्या फळीवर उभा राहतो, ती फळी म्हणजे तुमच्या पुस्तकातील तरफच होय. तिच्या टोकाजवळचा आडवा बांबू हा टेकू.

समजा, फळी 3 मीटर लांब व 20 किलोग्रॅम वजनाची आहे आणि तिचे टोक टेकूच्या 60 सेंटिमीटर बाहेर आले आहे. म्हणजे तिचा गुरुत्वमध्य टेकूच्या 90 सेंटिमीटर आत राहिला. 60 किलोग्रॅम वजनाचा गवंडी टोकावर गेला, तर बाहेरच्या बाजूचा गुणाकार 60 × 60 = 3600; आतला मात्र 20 × 90 = 1800. फळी उलटणारच!

आता फळीच्या मध्यावर 3 किलोग्रॅमची एक, अशा 10 विटा ठेवा. आतली बेरीज 4500 होते व फळी स्थिर राहते. खरा धोका येथेच आहे. सकाळी याच टोकावर तो निर्धास्त उभा होता. पण चार विटा भिंतीत गेल्या की बेरीज 3420 वर येते. गवंडी तोच, टोकही तेच!

अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांत 10 फुटांपर्यंतच्या साध्या फळीचे टोक 12 इंचांहून, म्हणजे सुमारे 30 सेंटिमीटरहून, अधिक बाहेर काढू देत नाहीत. कारण तुम्हीच पडताळा: 60 × 30 = 1800, तर आत 20 × 120 = 2400. टोक फार आखूडही चालत नाही. वाकलेली फळी निसटते. म्हणून किमान 6 इंच. मात्र त्या टोकावर दुसरा माणूस आला की 30 सेंटिमीटरही जास्तच. फळी दोन्हीकडे बांधल्याशिवाय तिच्यावर पाय ठेवायचा नाही, हे कामगाराला पहिल्याच दिवशी शिकवायला हवे.