नशीब नव्हे, कारण शोधा : शेतमजूर भगिनींसाठी



४ एप्रिल २०२५ च्या सकाळी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या मजूर महिलांना शेतकामावर घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात ट्रॉलीसह विहिरीत पडला. सात महिला गेल्या. तिघांना वाचवता आले. पुढे सिद्धेश्वरच्या विहारात वंदनेनंतर हा विषय निघाला, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "सिस्टर, कपाळी लिहिलेलं कोण पुसणार?"

दवाखान्यात होतो तेव्हापासून हे वाक्य आम्ही ऐकत आलो आहोत. बोट कापले तरी नशीब, विष चढले तरी नशीब. बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला तो समजायला मोठे ग्रंथच लागतात असे नाही. जे घडते ते कारणामुळे घडते, आणि कारण काढले की परिणाम थांबतो. कामावरची सुरक्षितता म्हणजे तरी दुसरे काय? बिनकठड्याची विहीर, निसरडा शेतरस्ता, माणसांनी भरलेली ट्रॉली, उशीर झाला म्हणून घाई. आपल्या कोणत्याही शिवारात जा, यातली दोन-तीन कारणे तरी रोज एकत्र नांदताना दिसतील.

दवाखान्यातला पहिला धडा आम्हाला फवारणीच्या रुग्णांनी दिला. रात्री बैलगाडीत, जीपमध्ये घालून माणूस आणायचे. तोंडाला लाळ, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, उलट्या. "औषध कोणतं होतं?" असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहायचे. डबा बांधावर टाकलेला असायचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा कुठे याची सगळीकडे चर्चा झाली.

त्या चर्चेतही बाई कुठे नव्हती. पंप पाठीवर पुरुषाच्या असतो, म्हणून फवारणारा तो. पण पाणी आणून देणारी, औषध बादलीत हाताने कालवणारी, संध्याकाळी त्याचे भिजलेले कपडे धुणारी आणि त्याच हाताने लेकराला पाजणारी बाई कोण मोजतो? औषध हाताने कालवू नका, लांब काठी घ्या. ते कपडे वेगळे धुवा. डब्यावरचा तिकोन बघा : लाल सर्वात विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धास्त, असे मात्र नाही. कुणाला त्रास झालाच तर अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, १०८ ला फोन करा आणि रिकामा का असेना, डबा सोबत न्या. त्यावरचे नाव वाचून डॉक्टरांचा वेळ वाचतो.

दुसरा धडा दवाखाना सोडल्यावर मिळाला. वॉर्डात आम्ही फक्त शेवट पाहत होतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा १९४३ साली धनबाद भागातल्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. कागद वाचून त्यांना भागवता आले असते. आम्हीही मग कागद ठेवून शेतात जाऊ लागलो. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर हळद आणि ऊस वाढला, तशी मजुरीही वाढली आणि मजुरीला जाण्याचे अंतरही. तेव्हा कळले की धोका काम सुरू होण्याच्या तासभर आधीच, ट्रॉलीत सुरू होतो.

बायकांना आम्ही विचारले, "कधी पडता पडता वाचलात का?" सुरुवातीला सगळ्या गप्प. मग एकीने कालव्याच्या उताराचे सांगितले, चाक घसरून ट्रॉली तिरपी झाली होती. दुसरी म्हणाली, तिथेच आमचीही झाली. तिसरीचेही तेच. कुणी घरी बोलले नव्हते, मुकादमाला तर नाहीच. अमेरिकेतल्या हर्बर्ट हाइनरिख याने १९३१ साली लिहिले होते की एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० बिनइजेचे प्रसंग असतात. त्याच्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले, ते होवोत. आमच्या बायकांच्या बोलण्यात मात्र ते बिनइजेचे प्रसंग ढिगाने निघाले.

कायद्याचेही थोडे. उस्मानाबादकडील एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली ड्युटीवर जाताना मोटारसायकल अपघातात वारला. कामावर जाण्यायेण्याचा प्रवासही नोकरीशी जोडलेला असू शकतो, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ ला त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. बावीस वर्षे लागली. शेतमजुराला हा निकाल आपोआप मिळेल असे नाही, कारण आपल्याकडे कामाचा पुरावाच नसतो. शिवाय शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा बहुधा माणसे वाहण्यासाठी नसतो. म्हणून वहीत रोज लिहा : कुणाच्या शेतात, कुणी बोलावले, ट्रॅक्टर कुणाचा, मजुरी किती. शाळेत जाणारी लेक हे पाच मिनिटांत लिहील.

कालव्याच्या उतारावरच्या त्या टोळीतल्या बायका आता उतार आला की खाली उतरतात आणि पायी चालत पलीकडे जाऊन पुन्हा बसतात. दहा मिनिटे जातात. मुकादम रोज कुरकुरतो, "तुमच्यामुळं उशीर होतो." पहिल्या दिवशी एकटीच उतरली होती, बाकीच्या हसल्या होत्या. चौथ्या दिवशी ट्रॉली रिकामी झाली. ज्या मावशींनी कपाळाचे सांगितले होते, त्याही त्यांच्यात आहेत. गुडघे दुखतात म्हणून त्या सगळ्यात शेवटी पोचतात, आणि त्या बसल्याशिवाय ट्रॅक्टर हलत नाही.