आधी मेडिकल, मग बँक

अगं, बाबा घराचे कागद घेऊन बँकेत जायच्या आधी जरा माझ्याजवळ बस. तुला पायलट व्हायचंय हे ऐकून मला खूप आनंद झालाय. म्हणूनच पैशांचं जे काही आहे ते खरं खरं सांगते.

कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची सगळी जबाबदारी तुझी. शिकायच्या छोट्या विमानाचा दर साधारण तासाला १५ ते २० हजार रुपये. हॉस्टेल, मेस, ग्राउंड क्लास, परीक्षांच्या फिया धरून आकडा ५०-६० लाखांवर जातो. बहुतेक घरांतला हिशोब इथेच संपतो, पण खर्च संपत नाही. एअरबस ३२० सारखं विमान चालवायचं तर त्याचं वेगळं टाइप रेटिंग करावं लागतं, सिम्युलेटरवर. त्याचे आणखी १५-२० लाख धरून चाल. एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रामला गेलीस तर सगळं मिळून कोटीच्या आसपास, कधी त्याहूनही वर.

आता कर्ज. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे घर नाहीतर एफडी मागतात. ६० लाख, ११ टक्के व्याज, दहा वर्षं: महिन्याचा हप्ता साधारण ८२-८३ हजार. हा हप्ता नोकरी लागली तर तू भरशील. नाही लागली तर कोण भरणार, हे बाबांशी समोरासमोर बोल. आईलाही बसव त्या बोलण्यात, घर तिचंही आहे. आणि लायसन्स घेऊन घरी बसलं तरी मीटर चालूच असतं. क्लास वन मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी नवं करावं लागतं. इंडिगोने २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली हे खरं, पण ती विमानं येणार वर्षानुवर्षं, आणि एअरलाइन्स भरती करतात त्यांच्या सोयीने.

घाबरवत नाहीये गं तुला. माझं म्हणणं एवढंच, की स्वस्तातल्या पायऱ्या आधी चढ, महागातली सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी मेडिकल. आधी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी उड्डाण महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त डॉक्टरकडे क्लास टू, मग लगेच क्लास वन. काही हजारांत काम होतं. चष्म्याचं टेन्शन घेऊ नकोस, चष्म्याने नीट दिसत असेल तर चालतं. रंग ओळखण्याची चाचणी मात्र महत्त्वाची. तिथे अडचण निघणारच असेल तर ती आत्ता कळू दे, २० लाख भरल्यावर नको.

दुसरी पायरी पेपर. नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, टेक्निकल. पासिंगला ७० टक्के लागतात. पुण्यात राहून, घरचं जेवून हे होतं. पेपर काढूनच फ्लाइंगला गेलेल्या मुलींचं मन तिथे उडण्यातच असतं. तू बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलंयस, तेवढी एक काळजी मिटली.

मग शाळा. आपलं लोहगाव हवाई दलाचं, तिथे शिकायची सोय नाही. जवळचं म्हणजे बारामती. बाकी राज्यात धुळे, शिरपूर, नागपूर, गोंदिया. ब्रोशर बाजूला ठेव आणि स्वतः जाऊन बघ. विमानं किती, यापेक्षा आज उडण्याच्या स्थितीत किती, हे विचार. एका विमानामागे विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, गेल्या वर्षीच्या बॅचला २०० तास पुरे व्हायला किती महिने लागले, हे तिथल्या मुलांना कॅन्टीनमध्ये विचार, ऑफिसात नको. पावसाळ्यात आपल्याकडे ढग खाली आले की दिवसच्या दिवस विमान जागचं हलत नाही, तेही हिशोबात धर.

पैसा सगळ्यात जास्त जातो तो या वाट बघण्यात. महिनाभर उड्डाण झालं नाही की हात विसरतो, मग इन्स्ट्रक्टरबरोबर पुन्हा उडायचं आणि ते तासही आपल्याच खिशातून. तास मोजतात कसा तेही ऐक. विमान जागेवरून हललं की सुरू, परत येऊन उभं राहिलं की बंद. धावपट्टीच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटं नंबर लागायची वाट बघितलीस, तर ती पंधरा मिनिटंही तुझ्या लॉगबुकात येतात. वाट बघण्यात असा पैसा जातो, म्हणून फी कधीही एकरकमी भरू नकोस. झालेल्या तासांप्रमाणे हप्ते, आणि मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत कसे मिळणार, हे लेखी घे. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केलीय, तीही बघून घे.

आणि एक वाट अशी आहे की जिथे शिकण्याचा खर्च सरकार करतं. खडकवासला! एनडीएत २०२२ पासून मुली घेतात. पहिल्या तुकडीतल्या १७ जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा असते. वय हातातून जायच्या आत एकदा तरी फॉर्म भर. पदवीनंतर हवाई दलाची एएफकॅट परीक्षा आहेच. पण फक्त पैसे वाचतात म्हणून वर्दी घालू नकोस, ती नोकरी मनापासून हवी असली तरच. नागरी उड्डाणच हवं असेल तर रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे. प्रवेश परीक्षा कठीण असते, फी काही अगदी कमी नाही, पण मी तुझ्या जागी असते तर पहिला फॉर्म तिथलाच भरला असता.

कुणी म्हणेल, मुलीवर एवढा पैसा कशाला? कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये फक्त महिलांचा क्रू घेऊन कलकत्ता ते सिल्चर विमान नेलं होतं. आज आपल्या देशात दर शंभर पायलटांत जवळजवळ पंधरा बायका आहेत, जगाच्या सरासरीच्या तिप्पट. तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर देत बसू नकोस.

आणि या सगळ्याच्या आधी एक कर. हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे, १९५० पासूनचं. तिथे फोन करून उड्डाणं कधी असतात ते विचार. इंजिन नसलेल्या विमानात बसून वाऱ्यावर तरंगताना पोटात गोळा येतो की आणखी वर जावंसं वाटतं, हे थोडक्या पैशांत कळेल. त्यानंतर मेडिकलची अपॉइंटमेंट घे. तारीख मिळाली की मला कळव, त्या दिवशी मी येते तुझ्याबरोबर.