जुन्या संगणकातला कंडेन्सर बदलायचा तर खर्च किती?

वाशिम जिल्ह्यातल्या मेडशीतून जुना संगणक दुरुस्तीला न्यायचा ठरवला, तर त्या सगळ्या खर्चात खुद्द कंडेन्सर सर्वांत स्वस्त पडतो. पाच रुपयांपासून चाळीस रुपयांपर्यंतचा हा सुटा भाग. पैसे जातात ते तो काढून नवा बसवणाऱ्या हाताला, अकोला-वाशिमच्या फेऱ्यांना, आणि सर्वांत जास्त म्हणजे चुकीच्या निदानाला. पंख्याचा आणि मोटारीचा कंडेन्सर तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. संगणकाच्या बोर्डावरचा तिथे मिळत नाही आणि पंख्याचा इथे चालत नाही. म्हणून घरातून निघण्याआधी हिशेब करा. पुढचे भाव ढोबळ आहेत, दुकानागणिक आणि गावागणिक थोडे खाली-वर होतील.

आपल्याकडच्या माळ्यांवर साधारण दोन पिढ्यांची यंत्रे सापडतात. पहिली पिढी १९८०च्या दशकातली. ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेला सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम पुढे ‘स्पेक्ट्रम प्लस’ झाला आणि १९८६मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो परवाना घेऊन भारतात विकायला सुरुवात केली. टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा. त्याच काळात, १९८४-८५पासून, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून देशभरातल्या शाळांत बीबीसी मायक्रो संगणक गेले. दुसरी पिढी २००१नंतरची. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावी संगणक नेला आणि त्यासोबत पेंटियम-फोर, पाठीमागे भलामोठा डबा असलेला मॉनिटर आणि टेबलाखालचा यूपीएस घरात आला. या दोन पिढ्यांचे कंडेन्सर वेगवेगळ्या कारणांनी जातात, त्यामुळे खर्चही वेगळा.

दुसऱ्या पिढीपासून सुरुवात करतो, कारण वाशिम जिल्ह्यात सापडतील ते बहुतेक हेच. १९९९ ते २००७च्या दरम्यान बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर सदोष कंडेन्सर लागले होते. आतल्या द्रवात पाण्याचे प्रमाण जास्त आणि ॲल्युमिनियम गंजू न देणारे रसायन अपुरे. परिणामी आत हायड्रोजन तयार होऊन डबी फुगायची. हा दोष जगभर होता. २००५ साली एकट्या डेल कंपनीने असे संगणक दुरुस्त करण्यासाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. तेव्हा तुमचा पेंटियम-फोर मेला असेल तर विजेला किंवा मुलांना दोष देण्याआधी त्याची बाजूची पत्री उघडा आणि प्रोसेसरच्या आजूबाजूच्या उभ्या डब्या बघा. माथा सपाट असेल तर ठीक. माथा फुगलेला, त्यावरची अधिकची खूण फाटलेली किंवा तपकिरी खरपुडी जमलेली असेल तर निदान झाले, आणि ते फुकटात झाले.

माथे सपाट असतील तर लगेच कंडेन्सर बदलायला सांगू नका. आधी रॅमच्या पट्ट्या काढून संपर्क खोडरबराने पुसा, सीआर-२०३२ सेल बदला (वीस ते चाळीस रुपये) आणि कुणाचा तरी चालू एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावून बघा. ‘पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही’ अशा तक्रारी कितीदा तरी इथेच मिटतात. मात्र सपाट दिसणारा कंडेन्सरही आतून वाळलेला असू शकतो. साधा मल्टिमीटर त्याची क्षमता बरोबर दाखवतो आणि तरी तो निकामी असतो, कारण त्याचा आतला रोध वाढलेला असतो. तो मोजणारा इएसआर टेस्टर सातशे ते हजार रुपयांत येतो. मेकॅनिककडे तो नसेल तर तो अंदाजाने काम करतो आहे असे समजा.

पेंटियम-फोरच्या बोर्डावर असे दहा ते वीस कंडेन्सर असतात, बहुधा १००० ते ३३०० मायक्रोफॅरडचे आणि ६.३, १० किंवा १६ व्होल्टचे. इथे ‘लो इएसआर’ जातीचेच हवेत. निचिकॉन, रुबीकॉन, पॅनासोनिक यांचा खरा माल नगाला पंधरा ते चाळीस रुपये; सगळे मिळून साधारण तीनशे ते सहाशे. मजुरी पाचशे ते हजार. हे बोर्ड अनेक थरांचे असतात आणि आतला तांब्याचा पत्रा उष्णता ओढून घेतो. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर वितळतच नाही, मग जोर लावला जातो आणि छिद्रातले अस्तर उपटून येते. नवशिक्याने पहिला प्रयोग या बोर्डावर करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

सगळा खर्च आठशे ते सोळाशे. सात-आठ हजारांत चांगला सेकंडहँड संगणक मिळत असताना पेंटियम-फोरवर एवढे घालावेत का? निव्वळ वापरासाठी नाही. आत अडकलेले फोटो किंवा हिशेब हवे असतील तर बोर्डाला हातही लावू नका. हार्ड डिस्क काढा, पाचशे ते हजार रुपयांचा आयडीई-यूएसबी अडॅप्टर लावा आणि दुसऱ्या संगणकावर सगळे उतरवून घ्या. दुरुस्ती करावी ती एकाच परिस्थितीत: त्या यंत्रावाचून काम अडते तेव्हा. लग्नपत्रिका आणि हँडबिले छापणाऱ्या कितीतरी छापखान्यांत पेजमेकर आणि श्रीलिपीच्या जुन्या फायली आहेत. ते सॉफ्टवेअर विंडोज-९८वर आणि प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावलेल्या कुलपावर चालते, नव्या यंत्रावर ते उघडत नाही. तिथे सोळाशे रुपये स्वस्तच म्हणायचे.

आता स्पेक्ट्रम. त्याच्या बोर्डावर दहा-पंधरा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात आणि चाळीस वर्षांत ते वाळतातच. टीव्हीवर चित्र थरथरते, आवाजात गुरगुर येते किंवा यंत्र सुरूच होत नाही. हे कंडेन्सर आडवे, दोन्ही टोकांना तार असलेले असतात, आणि ते आता सहजी मिळत नाहीत. उभ्या जातीचा घेऊन एक पाय लांबवला तरी काम होते. मूळ रूप जपायचे असेल तरच आडव्यांचा शोध घ्या. क्षमता तीच ठेवा, व्होल्ट मूळ आकड्याएवढे किंवा जास्त, आणि पट्ट्याची बाजू उणे हे विसरू नका. सगळा संच शंभर ते तीनशे रुपये, मजुरी चारशे ते आठशे. बोर्ड साधा असल्याने शिकायला हे यंत्र चांगले आहे.

एका गोष्टीने मात्र स्पेक्ट्रमचा जीव जातो: चुकीचा अडॅप्टर. त्याला ९ व्होल्ट डीसी लागते आणि पिनच्या मधोमध उणे असते, बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांच्या उलट. दुकानातून उचलून आणलेला अडॅप्टर मल्टिमीटरने तपासल्याशिवाय लावू नका. आतल्या जुन्या ४११६ रॅमला १२, ५ आणि उणे ५ असे तीन दाब लागतात. त्यातला उणे ५ गेला की रॅमही जाते, आणि मग खर्च कंडेन्सरचा राहत नाही.

बीबीसी मायक्रोची तऱ्हा वेगळी. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या वाटेवर रिफा कंपनीचे कागदी कंडेन्सर असतात, पारदर्शक पिवळसर ठोकळ्यासारखे. वर्षांनुवर्षांत त्या ठोकळ्याला बारीक तडे जातात, ओल आत शिरते आणि वीज दिली की काही मिनिटांत दाट, उग्र वासाचा धूर निघतो. म्हणून असे यंत्र हाती आले तर ‘चालते का बघू’ म्हणून प्लग लावू नका. आधी ते दोन कंडेन्सर बदलून घ्या: ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे, २७५ व्होल्ट एसी किंवा जास्तीचे, आणि अंगावर ‘एक्स-टू’ असे छापलेलेच. नग पंधरा ते चाळीस रुपये. साधा प्लॅस्टिकचा कंडेन्सर तिथे लावणे म्हणजे घरात आग ठेवणे.

आपल्या भागात कंडेन्सरची जात बघून घेणे जास्त महत्त्वाचे आहे. शेतीपंपांच्या फीडरवर पंप बंद झाले की दाब चढतो, पंप सुरू झाले की तो खाली बसतो. त्यात उन्हाळ्यात पारा ४४च्या पुढे. तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य जवळपास निम्मे होते. म्हणून ८५ अंशांचा माल घेऊ नका, १०५ अंशांचाच मागा. फरक दोन-चार रुपयांचा असतो. एवढ्यासाठी घासाघीस करू नये.

सामान कुठून आणावे? पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे सगळे मिळते, पण तेवढ्यासाठी प्रवास परवडत नाही. ऑनलाइन मागवा, पण सुट्या भागांच्या ठरलेल्या विक्रेत्याकडून. कुणाच्याही पानावर अगदी स्वस्तात ‘जपानी’ म्हणून विकला जाणारा माल अनेकदा जुना काढून नवे वेष्टण चढवलेला असतो. शंभर-दीडशे रुपये कुरिअर धरा आणि प्रत्येक प्रकारचे दोन-दोन जादा घ्या. स्वतः करणार असाल तर साधा सोल्डरिंग आयर्न, सोल्डर उपसण्याचा पंप, सोल्डर शोषणारी वात, सोल्डर आणि मल्टिमीटर असे पंधराशे ते अडीच हजार एकदाच लागतात.

मेकॅनिककडे गेलात तर टेबलावर यंत्र ठेवण्याआधी विचारा: तपासणीचे पैसे किती, दुरुस्त न झाल्यास किती, कोणत्या कंपनीचा माल घालणार, आणि काढलेले जुने कंडेन्सर परत देणार का. शेवटच्या प्रश्नाला नाही म्हणणाऱ्याकडे ठेवू नका. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुरू करताना सिरीज बोर्डावर, साठ किंवा शंभर वॅटचा दिवा मध्ये घालून सुरू करायला सांगा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर बरे, भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट आहे.

दोन ठिकाणी स्वतः हात घालू नका. एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहते. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये तर हजारो व्होल्ट असतात. तो मॉनिटर दुरुस्त करू नका, दोन-तीन हजारांचा जुना एलसीडी घ्या.

थोडक्यात निवाडा असा. बीबीसी मायक्रो किंवा स्पेक्ट्रम घरात असेल तर पाचशे ते अकराशे रुपये जरूर खर्च करा. ही यंत्रे पुन्हा बनणार नाहीत आणि दुरुस्तीला सोपी आहेत. पेंटियम-फोरवर खर्च फक्त अडलेल्या कामासाठी. आणि यातले काहीच करायचे नसेल, तरी भंगारवाल्याला देण्याआधी हार्ड डिस्क काढून ठेवा आणि कॅसेटी फेकू नका.