घेतलीस का गोळी?

लीड्समध्ये राहून मला आता बरीच वर्षं झाली. इथला पाऊस अंगवळणी पडला, अनोळखी माणसानं सरळ 'लव्ह' म्हणून हाक मारणंही पडलं. रोजची एक पांढरी गोळी मात्र अजून पुरती पडलेली नाही. तिच्या नादानं जे काही उमगलं ते लिहिते आहे. क्रमाला अर्थ नाही, आणि यात डॉक्टरकी शोधू नका.

१. रक्तदाब दुखत नाही, आणि सगळा घोळ तिथंच आहे. दाढ ठणकली की माणूस रात्री दोनला उठून लवंग शोधतो. माझं काहीच दुखत नव्हतं. इंग्लंडात चाळिशीपासून चौऱ्याहत्तरीपर्यंतच्या लोकांना दर पाच वर्षांनी तपासणीला बोलावतात, तसं मला बोलावलं. मी निव्वळ सज्जनपणापोटी गेले. नर्सनं दंडाला पट्टा दुसऱ्यांदा बांधला तेव्हा पाल चुकचुकली. गंमत म्हणजे आधी भीती वाटली नाही, अपमान वाटला. आमच्या घराण्यात बीपी हा तापट माणसांचा मान. काका ताट भिरकावायचे, त्यांना बीपी होतं. मी तर पोरांवरसुद्धा आवाज चढवलेला नाही. नर्स म्हणाली, याचा स्वभावाशी फारसा संबंध नसतो. वय, वजन, मीठ यांचा असतो. घरात कुणाला होतं का? म्हणजे काका आलेच.

दुखतच नाही म्हटल्यावर गोळी घेतली तरी काही वाटत नाही आणि नाही घेतली तरी काही वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या एका अहवालात म्हटलं आहे की श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराची औषधं नेमानं घेणारे सरासरी निम्मेच असतात. हे वाचून सुधारायला हवं होतं. मला नुसतं हायसं वाटलं.

२. दवाखान्यातल्या एका आकड्यावर इथले डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत. दवाखान्यात १४०/९० किंवा वर गेलं की चोवीस तासांचं यंत्र कमरेला बांधून घरी पाठवतात, आणि दिवसभराची सरासरी १३५/८५ किंवा वर निघाली तरच शिक्का बसतो. कारण पांढरा कोट बघूनच काहींचा दाब चढतो. माझाही तसाच असणार, अशी माझी खात्री. यंत्र दर अर्ध्या तासानं पट्टा फुगवतं, तेव्हा हात सैल सोडून गप्प उभं राहायचं असतं. मी नेमकी कर्कगेट मार्केटला गेले होते. हेच ते मार्केट, जिथं १८८४ साली मायकल मार्क्सनं मांडलेल्या ठेल्यातून पुढं मार्क्स अँड स्पेन्सर उभं राहिलं. मी बाहेरच्या भाजीच्या गाळ्यावर कोथिंबीर निवडत होते. एका हातात जुडी, दुसऱ्यात सुटे पैसे, आणि कोटाच्या आत घुर्रर्र सुरू. मी पुतळ्यासारखी थांबले. भाजीवाला म्हणाला, "यू ऑलराइट, लव्ह?" बोलायचं नसतं म्हणून मी नुसती हसले. त्यानं काय समजायचं ते समजून आणखी एक जुडी पिशवीत टाकली. रात्री तेच यंत्र तासातासाला जागं होई, आणि नवरा उशी उचलून बाहेरच्या सोफ्यावर गेला. सकाळी सरासरी आली ती वरचीच. पांढऱ्या कोटाचा काही दोष नव्हता.

३. मराठी घरात पाच मिनिटं गप्प बसणं अवघड आहे. घरी मोजायचं तर पाठ टेकून, पावलं जमिनीवर, मांडी न घालता, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून आधी पाच मिनिटं शांत बसायचं. मग मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. सकाळ-संध्याकाळ, निदान चार दिवस, शक्यतो सात, आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे. मी बसले की नवऱ्याला नेमकं विचारायचं असतं, गिझरवाला कधी येणार. एकदा धाकट्या जावेशी गावच्या जागेबद्दल व्हिडिओ कॉल संपताच पट्टा बांधला; तो आकडा मी वहीत लिहिला नाही.

४. गोळी विसरणं हा लहान प्रश्न आहे. मोठा प्रश्न, आज घेतली की नाही. पाणी प्यायल्याचं आठवतं, पण ते आजचं की कालचं? रोज तेच कपाट, तोच पेला, तीच खिडकी. सारख्या दिवसांची आठवण वेगवेगळी राहतच नाही. यावरचा इलाज मी शोधला नाही, तो पट्टीवरच छापलेला होता. इथं माझ्या गोळीच्या, म्हणजे अॅम्लोडिपिनच्या, खोक्यात अठ्ठावीस गोळ्या येतात, चौदाच्या दोन पट्ट्या, आणि प्रत्येक गोळीच्या पाठीमागं चंदेरी कागदावर बारीक अक्षरांत वार. सोमवारचा फुगा फुटलेला, मंगळवारचा शाबूत, आणि आज मंगळवार: वाद मिटला. अठ्ठावीसचा हिशोब सुरुवातीला खटकला, कारण महिना तीस-एकतीसचा. वर्षाला तेरा खोकी लागतात. पण त्या आठवड्याच्या गणितामुळंच वार जुळतात. साताऱ्याला गेले की गोळ्या दहाच्या नाहीतर पंधराच्या पट्टीत मिळतात, वारबिर काही नाही. तिथं मी पुन्हा खिडकीशी उभी राहून आठवत बसते. फार्मसिस्टनं नियम सांगितला आहे तो सोपा: त्याच दिवशी आठवलं तर घे, दिवस उलटला तर सोडून दे, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस. हे औषध शरीरात रेंगाळतं, एखाद्या दिवसानं आभाळ कोसळत नाही. हे कळल्यावर मी निवांत झाले, जरा जास्तच.

५. अलार्म बंद करायची सवय गोळीच्या सवयीपेक्षा लवकर लागते. फोन वाजायचा, बोट आपोआप जायचं, पुन्हा शांतता. मला अखेर जमवून दिलं ते आईच्या जेवणानं. ती साताऱ्यात दुपारी जेवून तिची गोळी घेते आणि दीडला मला फोन करते. हिवाळ्यात तेव्हा इथं सकाळचे आठ, बाहेर जेमतेम उजाडलेलं, माझा चहा गॅसवर. "घेतलीस का गोळी?" "तू?" "मी कधीच." ही तिची नुसती चौकशी नाही, शर्यत आहे, आणि तीच जिंकते. मी तिची गोळी कधी विसरत नाही. माझी विसरते. तिच्या पट्टीत किती उरल्या, कधी आणायच्या, कोणत्या दुकानातून, हे मला लीड्समध्ये बसून तोंडपाठ. तिला माझं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढं जातात आणि सगळं कोलमडतं. आईचं दीड म्हणजे माझे नऊ, तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात हजेऱ्या चढवत असते. मी म्हटलं, तू साडेबाराला जेव. म्हणाली, "माझी भूक तुमच्या राणीच्या घड्याळावर चालत नाही." राणी जाऊन राजा आला, हे मी सांगून पाहिलं. त्यामुळं उन्हाळ्यात माझी गोळी चहाच्या डब्यावर बसते. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की पुन्हा आईच्या स्वाधीन.

६. आत्याला हसण्याआधी थोडं वाचावं. आत्याचा निरोप आला, इंग्रजी गोळ्या सोड, सर्पगंधा घे. मी मनातल्या मनात डोळे फिरवले. मग एका रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधाचा वाढत्या रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांच्या तपशिलासह छापला, आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं त्या मुळीकडं लक्ष गेलं. १९५२ साली स्विस कंपनी सिबाच्या संशोधकांनी तिच्यातून रेझरपिन वेगळं काढलं, आणि काही वर्षं ते जगभर दिलं गेलं. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याआधी काय होतं? १९४५ साली अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, त्या दिवशी त्यांचा दाब ३००/१९० मोजला होता. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या डॉक्टरांकडं द्यायला धड गोळी नव्हती. माझे आजोबा त्याच काळातले, 'डोक्यात रक्त चढलं' एवढंच घरात सांगतात.

म्हणजे आत्याचं मूळ अगदी खरं होतं. फार्मसिस्टला विचारलं तेव्हा तो हसला नाही, सरळ म्हणाला, त्यानं मन खचतं, नाक चोंदतं, म्हणून ते मागं पडलं. आणि तुमच्या गोळीवर ती मुळी घेऊ नका, दाब फार उतरेल. आत्याला मी वकिलांची गोष्ट सांगितली, गोळीचं सांगितलं नाही. तिला वाटतं मी ऐकलं.

७. लोणच्यावर मी उगाच डूख धरला होता. बीपी म्हटलं की आपल्याकडं पहिली कुऱ्हाड लोणचं-पापडावर. मीही आईनं पाठवलेली बरणी मागं सारली आणि पुण्य केल्यासारखी ब्रेड, चीज नि डब्यातलं सूप खात राहिले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, इथली सरकारी मर्यादा सहा, साधारण एक चमचा. मग एके दिवशी दुकानात उभी राहून पाकिटांच्या पाठी वाचल्या. शंभर ग्रॅममागं दीड ग्रॅमहून जास्त मीठ असलं की तांबडा रंग. किती तांबडं होतं ते! भाजीत चिमूट कमी घालून मी स्वतःवर खूश, आणि न्याहारीत ती पुरेपूर भरून निघत होती. बरणी पुन्हा पुढं आली आहे. फोड अर्धी. सर्दीची विरघळणारी गोळीही मिठाचीच बहीण असते, तिच्यात सोडियम बरंच, हेही मला फार्मसिस्टनं काउंटरवरून परतवून लावलं तेव्हा कळलं.

८. सकाळी घ्यावी की रात्री, यावर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महाभारत झालं. डंडी विद्यापीठानं ब्रिटनभरच्या २१ हजारांहून अधिक लोकांवर तपासून २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये सांगितलं की हृदयाच्या झटक्या-पक्षाघाताच्या दृष्टीनं फरक पडत नाही. मी ते ग्रुपवर टाकलं. कुणी वाचलं नाही.

९. फार्मसिस्टपुढं माणूस खरं बोलतो, डॉक्टरपुढं बोलत नाही. नवं औषध सुरू झालं की इथं फार्मसिस्ट स्वतः फोन करून चौकशी करतो, ही सोय मला ठाऊकच नव्हती. त्यानं विचारलं, "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?" राहिली का, असं नाही, किती वेळा. त्या एका शब्दानं खोटं बोलायची वाटच बंद झाली, आणि मला हुश्श वाटलं. पायांना सूज येते, संध्याकाळी मोज्यांचा वळ घोट्यावर उमटून राहतो, हेही मी त्यालाच आधी सांगितलं. डॉक्टरला किरकोळ वाटेल म्हणून मनात ठेवलं होतं. त्यानं ते किरकोळ मानलं नाही, आणि त्याच्या चिठ्ठीवरून पुढं औषधाचा डोस बदलला. गावी गणपतीच्या दुकानाशेजारचा औषधवाला अर्धी पट्टी कापून देतो तेव्हा विचारतो, "बाई, कधी आलात?" तीही एक प्रकारची चौकशीच, पण सुजेला उपयोगी नाही. बाकी इथं साठीनंतर औषधं फुकट. तोवर एका औषधाला ९.९० पौंड, २०२५ सालचा भाव. साठी यावी म्हणून वाट बघणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदाच झाले.

१०. घरात गोळी घेणारा एकटा असतो तोवर सगळं सोपं. नवरा कधी दाब मोजू देत नव्हता; त्याचं म्हणणं, तो मनात काही ठेवत नाही. इंग्लंडातल्या औषधाच्या दुकानांत २०२१ च्या ऑक्टोबरपासून चाळिशीपुढच्यांचा दाब फुकट मोजतात. तो माझी खोकी आणायला गेला आणि फार्मसिस्टनं त्याला गोड बोलून खुर्चीत बसवला. मग वही, सात दिवस, तीच गप्प बसायची तपश्चर्या. गिझरवाल्याबद्दल मी आवर्जून विचारलं. आता आमच्या स्वयंपाकघरात एकाच कंपनीची, एकाच पाच मिलिग्रॅमची, वार छापलेली दोन खोकी आहेत. वारांची सारी व्यवस्था मोडली, कारण फुटलेला गुरुवार माझा की त्याचा हे कळेना. मी मार्करनं नावं घातली. तो म्हणतो, गोळी तर एकच आहे, कुठल्याही पट्टीतली घे. मग कुणी घेतली नाही हे कळणार कसं, यावर त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. त्याच्या पट्टीत कालचा शनिवार तसाच आहे, आणि तो म्हणतो की त्यानं घेतली, माझ्यातली.